ध्रुव डाव्या खांद्यावर

गेल्या वर्षीची, २०२५ च्या जूनअखेरची गोष्ट. शनिवारचा आमचा वाचनवर्ग भरला होता. वर्ग म्हणजे काय, तर रेवदंड्याच्या समाजमंदिरातली एक खोली, दोन सतरंज्या, एक लोखंडी कपाट आणि पंधरा-सोळा मुलं. त्यातली बरीचशी कोळीवाड्यातली. बाहेर पाऊस कोसळत होता, मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या. त्यामुळे बापमंडळी घरात आणि मुलं माझ्याकडे, असा तो दोन महिन्यांचा मोसम असतो.

त्याच आठवड्यात शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकात पोहोचले होते. राकेश शर्मांनंतर तब्बल एक्केचाळीस वर्षांनी एक भारतीय अंतराळात गेला, म्हणून मी हौसेने वर्तमानपत्रातली कात्रणं घेऊन गेले होते. मुलांनी विचारायचे ते प्रश्न विचारले. तिथे झोपतात कसे, खातात काय, आंघोळ करतात का? आणि मग सातवीतली एक मुलगी, जी एरवी कोपऱ्यात बसून राधाच्या घराचं पुस्तक पुन्हा पुन्हा चाळत असते, तिने विचारलं, "काकू, तिथे ना डोंगर ना दीपगृह. मग त्यांना रस्ता कसा कळतो?"

कोळ्याच्या मुलीलाच सुचावा असा प्रश्न. मी कला शाखेची. रस्ता कॉम्प्युटर दाखवत असणार, एवढं मोघम उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण मुलीच्या चेहऱ्यावरून कळलं, हिचं समाधान झालेलं नाही.

त्या रात्री अमेरिकेतल्या भाचीचा फोन आला. ती नॉर्थ कॅरोलिना राज्यात असते. बोलता बोलता हा प्रश्न तिला सांगितला, तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "मावशी, अगं, ज्या तारांगणात अंतराळवीरांना तारे शिकवले ते आमच्या गावाजवळच आहे! मुलांना घेऊन जाते की मी तिथे." आणि तिने मला टोनी जेन्झानो नावाच्या माणसाची गोष्ट सांगितली. तिकडे अशा माणसांची चरित्रं लहान मुलांसाठी मोठमोठ्या चित्रांच्या पुस्तकातून निघतात. पानभर चित्र आणि खाली चार ओळी.

पुढच्या शनिवारी मी ती गोष्ट मुलांना सांगितली. सांगून झाल्यावर पहिला प्रश्न, "याचं पुस्तक आहे का आपल्या कपाटात?" नव्हतं. "मग आपणच करू या!" असं कोण म्हणालं ते आता आठवत नाही, बहुतेक सगळेच. जुनी कॅलेंडरं गोळा झाली. त्यांच्या पाठीमागच्या कोऱ्या पानांवर आमचं चित्रचरित्र सुरू झालं.

यंत्र बसवायला आलेला माणूस

जेन्झानो मोठे खगोलशास्त्रज्ञ वगैरे नव्हते, हीच मुलांना सगळ्यात आवडलेली गोष्ट. ते फिलाडेल्फियाच्या तारांगणातले तंत्रज्ञ. १९४९ साली चॅपेल हिल या विद्यापीठाच्या गावी मोरहेड तारांगण उभं राहिलं, तेव्हा तिथे तारे दाखवणारं भलंमोठं यंत्र बसवायला म्हणून आले आणि तिथलेच होऊन गेले. १९५१ साली तारांगणाचे संचालक झाले आणि पुढची तीस वर्षं ती जबाबदारी त्यांनी सांभाळली.

नासाने माणूस अंतराळात पाठवायची तयारी सुरू केली, तेव्हा जेन्झानोंनीच पुढे होऊन सुचवलं की तुमच्या वैमानिकांना आमच्याकडे पाठवा, आम्ही त्यांना आकाश शिकवतो. उद्या यंत्रं बिघडली तर खिडकीबाहेर बघून आपण कुठे तोंड करून आहोत, हे त्यांना कळायला नको का?

आणि खरोखरच अंतराळवीर येऊ लागले. १९७५ पर्यंत, पंधराएक वर्षांत, बासष्ट जण येऊन गेले. चंद्रावर आजवर जी बारा माणसं चालली त्यांतली अकरा या एका घुमटाखाली बसून तारे ओळखायला शिकली. नील आर्मस्ट्राँगसुद्धा.

शिकवायची साधनं काय होती? तर प्लायवूड! यानाच्या खिडकीतून जेवढं आकाश दिसेल तेवढंच दिसावं म्हणून प्लायवूडची खोटी यानं बनवली होती. जेमिनी यानात दोघं शेजारी शेजारी बसत. त्यांच्या सरावासाठी न्हाव्याच्या दुकानातल्या दोन खुर्च्या वापरल्या. हे ऐकल्यावर वर्गात जो हशा पिकला तो काय सांगू! आमच्या पुस्तकात त्या पानावर बाजारपेठेतलं केशकर्तनालय अवतरलं आहे. मागे आरसा, बाजूला गणपतीचं कॅलेंडर आणि खुर्च्यांत हेल्मेट घातलेले दोन अंतराळवीर. मी ते तसंच राहू दिलं.

"पण काकू, एवढी मोठी नासा. तिला खुर्च्या विकत घेता आल्या नाहीत?" एकाने विचारलं. मी म्हटलं, अरे, शिकवणाऱ्याला शिकवायचं असलं की तो हाताशी असेल त्यातून शिकवतो. माझंच बघ ना, कॅलेंडरच्या मागे अमेरिका काढतोय आपण.

वर-खाली नसलेल्या जागी

मुलांना समजावण्याआधी मला स्वतःला समजून घ्यावं लागलं. भाचीचा नवरा इंजिनीअर. त्याने दोन रात्री फोनवर शिकवणी घेतली माझी.

आपल्या होडीत होकायंत्र असतं. त्याची सुई उत्तर दाखवते. पण ही सुई मोठी हळवी. आमच्या अलिबागची चुंबकीय वेधशाळा अलिबागला आली तीच मुळी यामुळे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं बिघडणार हे ओळखून १९०४ साली ते काम इकडे हलवलं गेलं. आणि अंतराळात तर यानाला वर नाही, खाली नाही, उत्तर नाही, दक्षिण नाही. यानात एक भोवऱ्यासारखी फिरणारी यंत्रणा असायची. ती यानाचं तोंड कुठे आहे ते लक्षात ठेवायची. पण भिंतीवरचं घड्याळ जसं रोज थोडं मागे पडतं आणि आपण रेडिओच्या बातम्यांना ते लावून घेतो, तशी ती यंत्रणाही हळूहळू चुकत जायची. मग अंतराळवीराने दुर्बिणीतून ओळखीचे दोन तारे बघायचे आणि तिला पुन्हा वळणावर आणायचं.

चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानांचा रस्त्याचा मुख्य हिशेब पृथ्वीवरूनच होत असे, हेही मुलांना सांगितलं. उगाच तिखटमीठ नको. पण यानाचं तोंड कुठे आहे, हे ताऱ्यांनाच विचारावं लागे. त्यासाठी सदतीस ताऱ्यांची यादी होती. त्यात आपला व्याध होता, अगस्ती होता, ध्रुवही होता.

या यादीतली एक गोष्ट सांगताना वर्ग एकदम गप्प झाला. यादीत तीन ताऱ्यांची नावं भलतीच होती. गस ग्रिसम या अंतराळवीराने गंमत म्हणून आपलं आणि दोन सोबत्यांची नावं उलटी करून ताऱ्यांना देऊन टाकली होती. 'आयव्हन'चं उलटं 'नॅव्ही', 'रॉजर'चं उलटं 'रेगॉर', तसं. पुढे २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरच सराव चालू असताना यानाला आग लागली आणि ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघेही गेले. सोबत्यांनी ती नावं खोडली नाहीत. नंतर चंद्रावर जाणाऱ्यांनी त्याच ताऱ्यांना त्याच नावांनी हाक मारत वाट काढली. दर्यात माणूस गमावलेली घरं आमच्या मुलांना ठाऊक आहेत. कुणी काही बोललं नाही. त्या पानावर फक्त तीन चांदण्या आहेत.

लेकीने दाबलेलं बटण

हे शिकवलेलं कधी उपयोगी पडलं का? पडलं तर!

मे १९६३. गॉर्डन कूपर एकटाच यानात. पृथ्वीभोवती बावीस फेऱ्या झाल्या. शेवटी शेवटी वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि आपोआप दिशा सांभाळणारी यंत्रणा बंद पडली. कूपरने खिडकीच्या काचेवर रेघा ओढून ठेवल्या होत्या. त्या रेघा, बाहेरचे तारे आणि मनगटावरचं घड्याळ एवढ्यावर त्याने यान हाताने वळवलं आणि वाट बघत असलेल्या जहाजापासून अवघ्या सातेक किलोमीटरवर समुद्रात उतरवलं.

दुसरी गोष्ट खास आपल्या, बायकांच्या पानासाठी. अपोलोच्या कॉम्प्युटरला काय काय करायचं हे लिहून देणाऱ्या गटाच्या प्रमुख होत्या मार्गारेट हॅमिल्टन. घरी लहान मुलगी, लॉरेन. संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी काम असलं की त्या तिला प्रयोगशाळेत घेऊन जात. (मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणींनी पोराला कडेवर घेऊन मीटिंगा केल्या असतील!) एकदा लॉरेन सरावाच्या यंत्राशी अंतराळवीर-अंतराळवीर खेळत होती. यान 'उडत' असताना तिने उड्डाणाआधीचा कार्यक्रम सुरू करणारी बटणं दाबली आणि सगळं कोलमडलं. आई रागावली नाही. तिने विचार केला, हे उद्या खऱ्या अंतराळवीराच्या हातून झालं तर? त्यावर बंदोबस्त करायची परवानगी तिने मागितली. वरून उत्तर आलं, आमचे अंतराळवीर तयारीचे आहेत, ते असली चूक करणार नाहीत.

डिसेंबर १९६८. अपोलो-८ चंद्राला प्रदक्षिणा घालून परत येत होतं. जिम लॉव्हेल यांच्या हातून नेमकी तीच बटणं दाबली गेली! यानाला वाटलं, आपण अजून जमिनीवरच उभे आहोत. लॉव्हेलनी मग मृगातला राजन्य आणि त्याच्या मागचा व्याध हे दोन तारे शोधले, यान त्यांच्यावर धरलं आणि अर्ध्या तासाच्या आत सगळं पुन्हा जागेवर आणलं. पुढे एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ वर स्फोट झाला, तेव्हाही लॉव्हेलच होते. त्या वेळी यानाभोवती उडालेले तुकडे उन्हात असे चमकत होते की खरे तारे कुठले आणि खोटे कुठले ते कळेना. मग त्यांनी सूर्यावर नेम धरून दिशा पडताळून घेतली.

आमचं पुस्तक चालू असतानाच, ऑगस्ट २०२५ मध्ये, लॉव्हेल सत्त्याण्णव वर्षांचे होऊन वारले. मुलांनी त्यांच्या पानाखाली मोठ्या अक्षरात 'नमस्कार' असं लिहिलं.

घरातला तांडेल

आता त्या सातवीतल्या मुलीकडे येते. पुस्तक अर्धं झालं असेल. एक दिवस ती वर्ग सुटल्यावर मागे राहिली. म्हणाली, "काकू, माझा आजा पण तारे बघून यायचा असं आजी बोलते."

तिचे आजोबा मला चांगले माहीत. एके काळचे तांडेल. शिडाच्या होडीपासून इंजिनाच्या होडीपर्यंत सगळं पाहिलेला माणूस. पण होडीवर जीपीएस आलं, मुलगा तांडेल झाला आणि आजोबा ओटीवर बसले. त्यातच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी दोन वर्षं त्यांच्या मागे लागले होते, शिबिरात चला, फुकट ऑपरेशन होतं, मी स्वतः घेऊन जाते. त्यांचं एकच उत्तर. "आता कसला बगायचा हाय मना? जेवडा बगायचा व्हता तेवडा बगून जाला." सून बिचारी पहाटे मासळी घेऊन बाजारात जाणार, घर बघणार, की यांची समजूत काढत बसणार?

मी मुलीबरोबर गेले. आजोबांना जेन्झानोंची गोष्ट सांगितली. ते मान खाली घालून ऐकत होते. न्हाव्याच्या खुर्च्यांपाशी हसले. मग मी विचारलं, "नाखवा, तुम्ही रात्री कसे परत यायचात हो?"

त्यांनी उजवा हात लांब केला, पंजा ताणला, करंगळी खाली आणि अंगठा वर. वीत. म्हणाले, "दर्यापासना एक वीत वर धुरू. त्यो हलत नाय. त्याला डाव्या खांद्यावर घ्यायचा. मंग समोर घर."

मी क्षणभर विचार केला आणि मग लख्ख उजेड पडला. आपला किनारा पूर्वेला. होड्या जातात पश्चिमेला. परत येताना तोंड पूर्वेकडे असेल तर उत्तर डाव्या हाताला येणार! इतकं सोपं. कोकण किनाऱ्यावरच्या कुठल्याही होडीला लागू पडेल असं. आणि ती वीतही किती बरोबर! हात ताणून धरलेली वीत म्हणजे साधारण वीस अंश. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजे त्या जागेचा अक्षांश. रेवदंड्याचा अक्षांश साडेअठरा. भाचीला फोन केला, तिच्या मुलांना रात्री अंगणात जाऊन मोजायला लावलं. चॅपेल हिलचा अक्षांश छत्तीस. तिथे ध्रुव जवळजवळ दोन विती वर! दोन गावांतली मुलं एकाच ताऱ्याला विती लावत होती.

आजोबांना हे कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. त्यांच्या बापाने होडीवर शिकवलं होतं. सप्तर्षींना ते 'खाट' म्हणतात, चार पाय खाटेचे आणि मागचे तीन चोर. विदर्भातल्या आदिवासी पाड्यांवरही हीच खाट आणि हेच चोर सांगतात, असं टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अभ्यासकांना आढळलं आहे. खाटेचे पुढचे दोन पाय जोडून रेघ वाढवली की ध्रुव सापडतो. ढग असले तर? "मंग पाणी बगायचा. दोरीला वजन बांधून तळ बगायचा. उजाडला का डोंगर बगायचा. एकावर इसवास ठेवायचा नाय." मुंबई विद्यापीठातले भूगोलाचे प्राध्यापक बी. अरुणाचलम यांनी आपल्या खलाशांच्या अशा ज्ञानावर मोठं काम केलं. २००२ साली भारतीय नौकानयनाच्या वारशावर त्यांचं पुस्तक निघालं. पण असं एकेक पुस्तक निघतं, आणि ओटीवर बसलेली माणसं मात्र कुणी न विचारताच निघून जातात. आमच्या शेजारचं चौल बंदर दोन हजार वर्षांचं. रशियाचा निकितिन पंधराव्या शतकात अरबी समुद्र ओलांडून इथेच उतरला, त्याचं स्मारकही रेवदंड्यात आहे. त्याला आणणाऱ्या गलबताच्या तांडेलाचं नाव मात्र कुणाला ठाऊक नाही.

नात आजोबांच्या पायाशी बसून हे सगळं वहीत लिहीत होती. मी सहज म्हटलं, "नाखवा, हिला शिकवा ना." तर ते म्हणाले, "पोरींना कशाला? पोरी काय दर्यात जातान?"

मुलगी उठून आत गेली.

पोरी दर्यात जातात

मला काय बोलावं ते सुचेना. त्यांच्या दृष्टीने ते खोटं नव्हतं. आपल्याकडे मासळी विकणं, सुकवणं, हिशेब ठेवणं, घर चालवणं सगळं बाईकडे. होडीवर मात्र पुरुष. पुढच्या शनिवारी मी वर्गात आणखी दोन कात्रणं नेली.

पहिलं आपल्या नौदलाचं. लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या दोघीजणी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून 'तारिणी' या शिडाच्या बोटीने निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून २९ मे २०२५ रोजी गोव्याला परत आल्या. दोघीच! 'तारिणी' बांधली तीही गोव्यातच. वाटेत त्या पॅसिफिक महासागरातल्या पॉइंट नेमो या जागेजवळून गेल्या. तिथून सर्वांत जवळची जमीन दोन हजार सहाशे किलोमीटरहून लांब. अंतराळ स्थानक डोक्यावरून जात असेल, तर त्या घडीला तिथल्या माणसाला सगळ्यात जवळची माणसं म्हणजे अंतराळवीर! वर्गात एक मुलगा म्हणाला, "म्हणजे त्या वर हात करून त्यांना हाक मारू शकल्या असत्या."

दुसरं कात्रण गोल्डन ग्लोब शर्यतीचं. एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा, आणि तीही १९६८ सालच्या साधनांनी. जीपीएस नाही, सूर्य, तारे आणि कोन मोजायचं सेक्स्टंट, बस्स. त्या शर्यतीत २०२३ च्या एप्रिलमध्ये आपले अभिलाष टॉमी दुसरे आले. आणि पहिली आली ती दक्षिण आफ्रिकेची किर्स्टन नॉयशेफर, एक बाई. वाटेत दुसऱ्या स्पर्धकाची बोट बुडाली, तर त्याला वाचवून पुढे गेली आणि तरी जिंकली.

"आता जीपीएस आहे, मग तारे शिकून काय करायचं?" हा प्रश्न पालकांनी मला विचारला. रास्त आहे. मीही जीपीएसच्या विरोधात नाही. त्याने आमच्या कोळीवाड्यातली माणसं सुखरूप घरी येतात. पण अमेरिकेच्या नौदल अकादमीने ताऱ्यांवरून वाट काढायचं शिकवणं बंद केलं होतं, ते २०१५ साली पुन्हा सुरू केलं. यंत्र बंद पडू शकतं, कुणी ते फसवूही शकतं. मग डोक्यात काहीतरी असायला हवं.

मुलीने ती दोन्ही कात्रणं घरी नेली. आजोबांना दिसत नव्हतं, म्हणून वाचून दाखवली. ते काय म्हणाले ते तिने मला सांगितलं नाही. पण दोन दिवसांनी सूनच माझ्याकडे आली, बाजारातून येता येता, टोपली खाली ठेवून. "ताई, बाबा बोलतान, शिबिर कदी हाय ते विचार. पोरीला दाखवाचा हाय, पन बोट कुटं धरू ते दिसत नाय बोलतान."

दोन वर्षं मी जे करू शकले नाही ते असं झालं.

फेब्रुवारीतली रात्र

दिवाळीनंतर एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचं आहे. फेब्रुवारीत एका रात्री नऊच्या सुमारास आम्ही सगळे रेवदंड्याच्या पुळणीवर गेलो. गावातल्या मोठ्या दिव्यांपासून लांब, किल्ल्याच्या तटाच्या अंधाऱ्या बाजूला. मुलं, त्यांच्या आया, मी आणि काळा चष्मा काढून ठेवलेले आजोबा.

दक्षिणेला कोर्लईच्या डोंगरावर अगस्ती ठळक दिसत होता. आजोबांनी तो लगेच ओळखला. "ह्यो अगस्ती. दर्या पिला व्हता त्यो." फेब्रुवारीतल्या त्या वेळी आमच्या गावातून बघितलं तर उत्तरेचा ध्रुव आणि दक्षिणेचा अगस्ती जवळजवळ सारख्याच उंचीवर असतात, इकडे एक वीत आणि तिकडे एक वीत. मुलांनी दोन्ही हात पसरून मोजलं. मध्ये वर व्याध आणि मृग. राजन्य दाखवल्यावर "लॉव्हेलचा तारा!" असा एकच गलका झाला.

मग आजोबा उत्तरेकडे वळले. खाट वर आली होती, चोर अजून क्षितिजाच्या कडेलाच होते. त्यांनी डोळा बारीक केला, खूप वेळ बघत राहिले. तिकडे अलिबागच्या बाजूला उजेडाचा धुरळा. ध्रुव काही फार ठळक तारा नाही. शेवटी म्हणाले, "नाय दिसत."

मला वाईट वाटलं. एवढं त्याच्यासाठी ऑपरेशन करून घेतलं त्यांनी. पण त्यांनी नातीला पुढे उभं केलं, तिचा हात आपल्या हातात घेतला, पंजा ताणायला लावला, थोडा डावीकडे सरकवला. "आता आंगठ्याच्या टोकावर बग."

"दिसला!" ती ओरडली. आम्ही सगळ्यांनी तिच्या अंगठ्याच्या रेघेत बघितलं. होता.

"आता त्याला डाव्या खांद्यावर घे," आजोबा म्हणाले. ती वळली. समोर माडाच्या शेंड्यांमागे कोळीवाड्याचे दिवे होते.

आमचं पुस्तक आता पूर्ण झालं आहे. चोवीस पानं, दोऱ्याने शिवलेलं. पहिल्या पानावर जेन्झानो यंत्र खोलून बसलेले आहेत. शेवटच्या पानावर काय असावं यावर बरीच वादावादी झाली. कुणाला चंद्र हवा होता, कुणाला शुभांशू शुक्ला. शेवटी त्या मुलीने कुणाला न विचारता एक चित्र आणून चिकटवलं. एक सुरकुतलेला हात, त्यावर एक लहान हात, आणि दोन्हींच्या वर एक चांदणी. खाली ओळ लिहिलेली नाही. मी म्हटलं, काहीतरी लिही ना. तर म्हणाली, "काकू, आजाला वाचता येत नाही. त्याला कळलं पाहिजे ना."

ते पुस्तक आमच्या लोखंडी कपाटात आहे. कुणी आलात रेवदंड्याला, तर शनिवारी या आणि बघून जा. आणि तुमच्या घरात ओटीवर कुणी बसलेलं असेल, तर त्यांना विचारून ठेवा, तुम्ही वाट कशी काढायचात म्हणून.